मागाच्या शेडमध्ये जगभरची वाद्ये: सोलापुरातील एका खासगी संग्रहालयाचे परीक्षण

सोलापूरच्या पूर्व भागात एका जुन्या यंत्रमाग कारखान्याच्या शेडमध्ये जगभरातील अनोख्या वाद्यांचे एक खासगी संग्रहालय आहे. त्याच्या दारावर पाटी नाही. आपले नाव कोठे छापून यावे अशी मालकांची इच्छा नसल्यामुळे ते येथेही दिलेले नाही. तबले मढवणाऱ्या किंवा पेटी दुरुस्त करणाऱ्या शहरातील कारागिरांकडे चौकशी केली, तर पत्ता आणि फोन क्रमांक दोन्ही मिळतात. टॉवेलच्या निर्यातीच्या निमित्ताने परदेशी जाणाऱ्या या गृहस्थांनी जेथे जातील तेथील एखादे वाद्य आणण्याचा छंद अनेक वर्षे जोपासला. पुढे माग विकले गेले आणि शेड रिकामी झाली, तेव्हा घरात मावेनाशी झालेली वाद्ये त्यांनी तेथे मांडली. शनिवारी आणि रविवारी, आधी कळवून येणाऱ्यांना ते स्वतः किंवा त्यांचे एक मदतनीस संग्रह दाखवतात. प्रवेशशुल्क नाही.

संग्रहाची योग्यता प्रवेशशुल्क नसण्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, हे प्रथमच नोंदवतो. उणिवाही आहेत, आणि त्यांपैकी एक-दोन मला गंभीर वाटतात. परंतु वाद्यांकडे पाहण्याची एक निश्चित दृष्टी या शेडमध्ये आहे, आणि ती मोठ्या शहरांतील नामांकित दालनांतही नेहमी आढळत नाही. येथे वाद्ये देशांप्रमाणे लावलेली नाहीत. आफ्रिकेचे कपाट, युरोपचे कपाट, अशी सोपी वाटणी टाळून मालकांनी आवाज कशामुळे निघतो, एवढ्या एकाच प्रश्नावर सगळी मांडणी उभी केली आहे. त्यामुळे मंगोलियाचे घोड्याच्या शिराचे मोरिन खूर आपल्या सारंगीच्या शेजारी येते, आणि दोन्ही वाद्यांत तार पट्टीवर दाबण्याऐवजी नखाच्या मुळाशी किंवा बोटाच्या कडेने अडवून स्वर काढतात, हे एका दृष्टिक्षेपात लक्षात येते.

ही मांडणी आपल्याकडचीच आहे, आणि ती युरोपला वळसा घालून परत आली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची, चामड्याने मढवलेली, स्वतःच्याच घनतेने वाजणारी आणि पोकळीत हवा खेळवून वाजणारी. बंगालचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी 1876 मध्ये बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना शंभराच्या आसपास भारतीय वाद्ये भेट पाठवली. ती ब्रसेल्सच्या संगीतशाळेच्या संग्रहालयात गेली. तेथील अभिरक्षक व्हिक्टर-शार्ल माहियाँ यांनी संग्रहाची सूची तयार करताना ही भारतीय चौकट स्वीकारली, आणि 1880 मध्ये ती सूची प्रसिद्ध झाली. एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट साक्स यांनी 1914 मध्ये तिच्याच पायावर आपले विस्तृत वर्गीकरण रचले, आणि जगभरातील संग्रहालये आज ते वापरतात. शेडच्या प्रवेशद्वाराशी ही हकिकत एका तक्त्यावर दिली आहे. तक्ता मात्र इंग्रजीत आहे, आणि तो लावलेल्या जागी प्रकाश अपुरा आहे.

संग्रहातील सर्वांत समृद्ध भाग घनवाद्यांचा आहे, आणि तेथे जितका वेळ द्यावा तितका थोडा. झिंबाब्वेच्या शोना लोकांचे एंबिरा प्रथम पाहणाऱ्याला तंतुवाद्यच वाटते, कारण ते छेडून वाजवतात. प्रत्यक्षात लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्याने आणि तर्जनीने दाबून सोडायच्या असतात, त्या पट्ट्या स्वतःच कंप पावतात, आणि म्हणून वाद्य घनवर्गात जाते. त्याच न्यायाने आपले मोरचंगही याच कपाटात आहे. एंबिराच्या फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची पत्र्याची झाकणे सैलसर बसवलेली असतात, आणि पट्टी छेडली की ती थरथरून प्रत्येक स्वरामागे एक झणझणीत पडदा उभा करतात. मदतनिसांनी एकदा झाकणे बोटाने दाबून धरून आणि एकदा मोकळी सोडून वाजवून दाखवले. झाकणे दाबल्यावर उरलेला स्वच्छ, गोड आवाज ऐकून उपस्थितांपैकी बहुतेकांना तोच अधिक आवडला. शोना वादक तो अपुरा मानतात, हे मदतनिसांनी त्यानंतर सांगितले, आणि लगेच बाजूच्या तानपुऱ्याच्या घोडीवरील, तारेला झणकार देणारा जवारीचा दोरा काढून तार छेडली. जवारी गेलेला तानपुरा ऐकल्यावर एंबिराच्या झाकणांविषयी आणखी काही समजावून सांगण्याची आवश्यकता राहिली नाही. या संग्रहालयात अनुभवलेले हे सर्वोत्तम प्रात्यक्षिक.

याच सूत्राने पुढे पश्चिम आफ्रिकेचे बालाफोन येते. त्याच्या प्रत्येक लाकडी पट्टीखाली एक वाळवलेला भोपळा टांगलेला असतो, आणि भोपळ्याला पाडलेल्या छिद्रावर पूर्वी कोळ्याच्या अंड्यांभोवतीच्या कोशाचा पातळ पापुद्रा चिकटवीत. आता तेथे बहुधा कागद किंवा प्लास्टिक असते, आणि येथील नमुन्यातही प्लास्टिकच आहे. हेतू तोच, स्वराला झणकार देण्याचा. म्हणजे निखळ स्वरात मुद्दाम थोडी खरखर मिसळण्याची आवड अनेक ठिकाणच्या कानांना आहे, आणि जवारीवर वाढलेल्या श्रोत्याला ती परकी वाटत नाही.

भोपळ्यांचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्याचा संबंध थेट येतो, आणि तो येथे कोणी सांगत नाही याचे आश्चर्य वाटले. मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे कित्येक वर्षे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात पिकवले जातात. हे कडू भोपळे खाण्याचे नव्हेत. जाड सालीसाठी आणि आकारासाठी ते वेलावर राखतात आणि वाळवून मिरजेला पाठवतात. या शेडमध्ये पश्चिम आफ्रिकेतील मँडिंका लोकांचे 21 तारांचे कोरा आहे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून त्याचा ध्वनिपेटीसारखा उपयोग केलेला आहे, आणि वादक दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या यांनीच ते वाजवतो. कोराच्या शेजारी आपल्याच जिल्ह्यातील एक न कोरलेला, वाळवलेला भोपळा ठेवला असता, तर शाळेच्या सहलीने आलेल्या मुलांना एका वस्तूने जे कळले असते ते चार फलकांनी कळणार नाही. मालकांना ही सूचना केली, तेव्हा त्यांनी ती लिहून घेतली.

घर्षणाने वाजणारी वाद्ये हा येथील दुसरा विशेष. हर्डी-गर्डी या युरोपीय वाद्यात गजाच्या जागी लाकडी चाक असते. हाताने दांडी फिरवली की राळ लावलेले ते चाक तारांना अखंड घासत राहते, आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबून स्वर बदलायचे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील चर्चच्या प्रवेशद्वारावर याच्या पूर्वजाचे शिल्प आहे, आणि ते दोन माणसांनी मिळून वाजवायचे वाद्य होते. आमच्या गटात पूर्वी हातमागावर काम केलेले एक आजोबा होते. दांडी फिरताना पाहून ते मदतनिसांना म्हणाले, “हे तर कांड्या भरायचा रहाटच की, अण्णा. आमच्या घरी असता तर सूत बी निघालं असतं आणि गाणं बी.” मदतनीस हसले आणि दांडी त्यांच्याच हाती देऊन बाजूला झाले. चाक एकाच गतीने फिरवणे आजोबांना पहिल्याच फेरीत साधले, इतरांना साधले नाही.

ब्राझीलमधील सांबा नृत्यसंगीतात वाजणारी कुइका बाहेरून साधा ढोल दिसते. तिच्या कातड्याच्या मध्याला आतल्या बाजूने एक बांबूची काडी बांधलेली असते. ओल्या फडक्याने ती काडी घासायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडे बाहेरून दाबायचे, की हसण्यासारखे, कण्हण्यासारखे आवाज निघतात. मुलांचा घोळका येथून हलत नाही. आपल्या गावोगावी फिरणाऱ्या नंदीबैलवाल्याच्या ढोलाचे तंत्र याच्या फार जवळचे आहे: एका तोंडावर बाकदार काडी घासून तो जो गुबूगुबू आवाज काढतो, तोही आघाताचा नसून घर्षणाचाच आहे. नंदीबैलवाल्याचा असा ढोल संग्रहात आहे, पण तो तीन कपाटे पलीकडे, काठीने वाजवायच्या ढोलांच्या रांगेत लावलेला आहे. ज्यांनी संपूर्ण मांडणी आवाजाच्या कारणावर उभारली त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती.

घर्षणाच्या या कोपऱ्यातच ग्लास आर्मोनिका आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1761 मध्ये तयार केलेल्या या वाद्यात लहानमोठी काचेची भांडी एकात एक घालून आडव्या दांड्यावर ओवलेली असतात. दांडा पायाने फिरवायचा आणि ओल्या बोटांनी भांड्यांच्या कडांना स्पर्श करायचा. मोत्सार्ट यांनी मृत्यूच्या वर्षी, 1791 मध्ये, मारियान किर्शगेसनर या दृष्टिहीन वादिकेसाठी या वाद्याकरिता रचना केली होती. येथील नमुना अलीकडचा, लहान आणि विजेच्या मोटारीवर फिरणारा आहे. मोटारीची घरघर आणि काचेचा नाजूक स्वर एकाच वेळी ऐकू येतात, आणि ते योग्य वाटत नाही. शेजारच्या जलतरंगात मात्र पाणी ताजे होते, आणि वाट्या स्वरात लावलेल्या होत्या.

सुषिर वाद्यांच्या कपाटापाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो, आणि सर्वांत अधिक तक्रारही तेथलीच आहे. लाओस आणि ईशान्य थायलंडमधील खेन हे वाद्य पाहण्यास साधे आहे: बांबूच्या नळ्यांच्या दोन रांगा, आणि त्यांच्या मध्ये तोंडाने फुंकायची लाकडी पेटी. प्रत्येक नळीत धातूची एक मोकळी पत्ती असते. नळीचे छिद्र बोटाने बंद केले की ती बोलते, आणि फुंकर मारली काय किंवा श्वास आत ओढला काय, तिचा स्वर तोच राहतो. चीनमधील शेंग हे याच कुळातले. मोकळ्या पत्तीचे हे तत्त्व पूर्व आशियातून अठराव्या शतकात युरोपात माहीत झाले. तेथील कारागिरांनी त्यावर अनेक प्रयोग केले, आणि 1842 मध्ये अलेक्सांद्र देबाँ यांनी पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायपेटी होती. जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या, हे रूप तिला पुढे कोलकात्यात मिळाले. महाराष्ट्रात संगीत नाटकांपासून भजनी मंडळांपर्यंत जी पेटी वाजते, तिचा आवाज ज्या पत्तीतून येतो तिचे नाते त्या बांबूच्या नळ्यांशी आहे. मदतनिसांनी एका जुन्या पेटीचे झाकण उघडून, आतील पितळी सुरांची पट्टी काढून, खेनच्या पत्तीजवळ धरून दाखवली. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेच भजनी मंडळात पेटी वाजवीत असत, असे त्यांच्या बोलण्यात आले. त्यामुळे या कपाटाविषयी ते बोलू लागले की घड्याळाकडे लक्ष राहत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील मूलनिवासींचे डिजरिडू येथे चांगले आहे. युकॅलिप्टसचे खोड वाळवीने आतून पोखरलेले असते, आणि माणसाने फक्त योग्य खोड निवडून, तासून त्याला तोंडाशी मेण लावायचे असते. ते वाजवण्यासाठी गालांत हवा साठवून ती बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यावा लागतो, म्हणजे आवाज खंडित होत नाही. ही युक्ती आपल्या सनईवादकांना उत्तम अवगत आहे, आणि येथेच सोलापूरकर म्हणून मला आश्चर्याचा धक्का बसला. या कपाटात सनई आहे, तुर्कस्तानची झुर्ना आहे, चीनची सुओना आहे, आणि सुंदरी नाही.

सुंदरी सनईच्याच जातीचे, तिच्याहून पुष्कळ लहान आणि उंच स्वराचे वाद्य आहे. सोलापूरच्या जाधव घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि सिद्राम जाधव यांच्यामुळे ते रसिकांना परिचित झाले. वाद्य लहान असल्यामुळे छिद्रे जवळजवळ येतात, आणि फुंकरीत किंचितही फरक पडला तर स्वर हलतो, म्हणून वादनात असामान्य नियंत्रण लागते. जगातील अनोख्या वाद्यांचे संग्रहालय सोलापुरात असावे आणि सोलापूरचे सर्वांत अनोखे वाद्य त्यात नसावे, ही उणीव निसटती नाही. मालकांचे स्पष्टीकरण असे की चांगली सुंदरी विकत मिळत नाही, आणि वाजत नसलेली, केवळ शोभेची त्यांना ठेवायची नाही. स्पष्टीकरण प्रामाणिक वाटले. तरी निदान एक छायाचित्र आणि एक ध्वनिमुद्रण ठेवण्यास कोणतीच अडचण दिसत नाही. वारली समाजाचा तारपाही येथे नाही. भोपळा, बांबू आणि पत्ती हे तिन्ही घटक त्यात एकत्र येत असल्यामुळे खेनच्या शेजारी त्याचे स्थान स्वाभाविक होते.

विजेवर चालणारे थेरेमिन हे भरताच्या चारही वर्गांत न बसणारे वाद्य, आणि मालकांनी त्याला स्वतंत्र टेबल दिले आहे. रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यांनी 1920 च्या सुमारास ते शोधले, आणि 1928 मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट घेतले. एका पेटीला एक उभा दांडा आणि बाजूला एक आडवे वेटोळे असते. वादक कशालाही स्पर्श करीत नाही. पेटीच्या आत कानाला ऐकू न येणाऱ्या, अतिशय उच्च वारंवारतेची दोन विद्युत आंदोलने चालू असतात. एकाची वारंवारता स्थिर असते, दुसऱ्याची उभ्या दांड्याजवळ आलेल्या हातामुळे बदलते, आणि या दोहोंमधील जो फरक असतो तोच स्वर म्हणून ऐकू येतो. दुसरा हात वेटोळ्याजवळ नेला की आवाज लहान होतो. मींड घेणे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, या वाद्यावर अतिशय सोपे, आणि स्वरावर थांबणे अतिशय कठीण, कारण थांबण्यासाठी पडदा, पट्टी किंवा छिद्र असे काहीच नाही. मदतनिसांनी भूपाचा आरोह घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गांधार आणि पंचम यांच्यामध्ये हात घसरत राहिला. त्यांनी ते लपवलेही नाही. आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांच्या शरीरांमुळेही स्वर हलतो, म्हणून टेबलाभोवती फरशीवर पिवळी रेघ आखली आहे, आणि मुलांना तिच्या मागे उभे करण्यात बराच वेळ जातो.

यानंतर स्ट्रो व्हायोलिनपाशी थोडे थांबावे. व्हायोलिनला लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा जोडलेले हे वाद्य योहान मॅथियस ऑगस्टस स्ट्रो यांनी लंडनमध्ये 1899 मध्ये पेटंट केले. मायक्रोफोन येण्यापूर्वी ध्वनिमुद्रणात आवाज एका मोठ्या कर्ण्यात टाकावा लागे, आणि साध्या व्हायोलिनचा आवाज त्यात पुरेसा उतरत नसे. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रुळले आणि त्याची गरज संपली. येथे ते एका चालू ग्रामोफोनशेजारी ठेवले आहे, आणि दोन्ही कर्ण्यांची तोंडे समोरासमोर आहेत. सर्पाच्या आकाराचे, फ्रान्समध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले सर्पेंट हे वाद्यही आहे. ते बंद काचेत आहे आणि कोणी वाजवत नाही, म्हणून त्याविषयी सांगण्याजोगे फारसे नाही.

आता उणिवांकडे. फलक सरसकट इंग्रजीत आहेत, अक्षर बारीक आहे, आणि पूर्व भागातील ज्या घरांतून हे संग्रहालय पाहायला मुले येतात त्या घरांतून तेलुगू आणि मराठी बोलली जाते. त्याहून खटकणारी गोष्ट फलकांच्या आशयाची आहे. परदेशी वाद्यांच्या फलकांवर ते वाजवणाऱ्या समाजाचे नाव आहे, तर आपल्या वाद्यांच्या फलकांवर ते नाही. डक्कलवारांच्या किंगरीवर ‘भारतीय लोकवाद्य’ एवढेच लिहिलेले आहे. मातंग समाजाची पुराणकथा सांगत फिरणाऱ्या या कथेकऱ्यांचे नावच त्यात नसेल, तर वस्तू उरते आणि वाद्य जाते. यल्लमाच्या जोगत्यांच्या चौंडक्यावर तर केवळ ‘ढोल’ असा शब्द आहे. चौंडक्यात कातड्याच्या मध्यातून काढलेली तार काखेतून ताणून छेडतात, आणि ताण कमीजास्त करून स्वर खालीवर करतात. त्याला तंतुवाद्य म्हणावे की चर्मवाद्य, यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत. आवाजाच्या कारणावर मांडणी करणाऱ्या संग्रहालयाला याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण, आणि त्यांच्याकडे ते असूनही त्यांनी त्याचा उपयोग केलेला नाही.

निगेविषयीही लिहिले पाहिजे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखालील शेडमध्ये लाकडाचे काय होते ते कोराच्या दांड्यावर आणि मोरिन खूरच्या पेटीवर पडलेल्या भेगांवरून दिसते. अनेक तंतुवाद्ये सैल सोडलेली आहेत, जे जतनाच्या दृष्टीने चुकीचे नाही. तथापि ती वाजवून दाखवण्यापूर्वी पुरेशी सुरात लावली जात नाहीत, आणि अनोळखी वाद्य प्रथमच ऐकणाऱ्याला तो बेसूरपणा वाद्याचाच गुण वाटण्याचा धोका आहे. चीनच्या अरहू या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या नमुन्यावरील कातडे अजगराचे आहे की कृत्रिम, याचा उल्लेख नाही. खंडोबाच्या वाघ्यांच्या दिमडीवर पूर्वी घोरपडीचे कातडे असे, आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. येथील दिमडीचे कातडे बकरीचे असल्याचे तोंडी सांगण्यात आले. हे सगळे फलकावर लिहिलेले असावे, कारण जो संग्राहक इतक्या काळजीने वस्तू निवडतो त्याच्याविषयी पाहणाऱ्याच्या मनात शंका राहू नये.

शेडचा स्वतःचा नाद हाही एक प्रश्न आहे. पत्रा आणि उघड्या भिंती यांमुळे प्रत्येक आवाज घुमतो. हर्डी-गर्डी आणि डिजरिडू यांना ते मानवते, एंबिराची बारकी झणझण मात्र त्यात हरवते. दोन्ही टोकांना एकाच वेळी प्रात्यक्षिके सुरू असतील तर काहीच नीट ऐकू येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी ते टाळणे मदतनिसांच्या हाती राहत नाही. प्रात्यक्षिक चालू असताना पंखे बंद करतात. एप्रिल-मेमध्ये ते कितपत सहन होईल, याचा ज्याने त्याने विचार करावा. हिवाळा उत्तम. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी शहरात आलेल्या पाहुण्यांना हे संग्रहालय अवश्य दाखवावे, परंतु त्या दिवसांत रस्ते बंद असतात, हे ध्यानात ठेवून निघावे.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी सोय अशी की एका लांब टेबलावर हाताळण्यासाठी वेगळी वाद्ये ठेवली आहेत: इंडोनेशियाचे बांबूचे अंगक्लुंग, एक साधे एंबिरा, मोरचंग आणि दोन हलग्या. मोरचंग दातांना लावायचे असल्यामुळे प्रत्येक वेळी धुऊन देतात, आणि ते खरोखरच धुतात. अंगक्लुंगमधील प्रत्येक नग एकच स्वर देतो, म्हणून एक ओळ वाजवायची तर सात-आठ जणांनी आपापल्या स्वराची वाट पाहत उभे राहावे लागते. शाळेच्या गटाला हे फार आवडते. संपूर्ण संग्रह नीट पाहायला दोन तास पुरत नाहीत, मात्र लहान मुले तासाभराने थकतात, त्यामुळे त्यांना घर्षणाचा कोपरा आणि थेरेमिन आधी दाखवून, खेन आणि घनवाद्ये आपण नंतर निवांतपणे पाहावीत. पिण्याच्या पाण्याची सोय आहे, बसायला बाकडी कमी आहेत, आणि शेडमध्ये शिरताना दोन उंच पायऱ्या असल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांनी फोनवर तसे सांगितले तर मागील मालाचे दार उघडून देतात.

फोन करतानाच मदतनीस स्वतः असणार आहेत का, हे विचारून घ्यावे. मालकांना प्रत्येक वाद्य कोठून आणि कसे आणले याची हकिकत सांगण्यात अधिक रस आहे, आणि ती ऐकण्यासारखीही असते. पण वाद्य उघडून, वाजवून, दुसऱ्या वाद्याशेजारी धरून दाखवण्याचे काम मदतनीसच करतात. मराठी फलकांचे काम सुषिर वाद्यांच्या कपाटापासून सुरू होणार असल्याचे त्यांनी सांगितले आहे. तोवर इंग्रजी फलक वाचत बसण्यापेक्षा त्यांना सरळ प्रश्न विचारावेत, आणि जुन्या पेटीचे झाकण उघडायला सांगावे.